जलद संकेतांना माणूस किती वेळात प्रतिसाद देतो? प्रतिक्रियाकाळाच्या गणिती प्रारूपांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न वाचकांकडून, विद्यार्थ्यांकडून आणि प्रयोग करू पाहणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असा प्रयत्न केला आहे. जिथे तोच मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रतिक्रियाकाळ म्हणजे नेमके काय, आणि तो साधारण किती असतो?

संकेत सुरू झाल्यापासून प्रतिसादाची हालचाल नोंदली जाईपर्यंत गेलेला वेळ म्हणजे प्रतिक्रियाकाळ. दिवा लागला की बटण दाबायचे, एवढेच काम असेल तर निरोगी तरुण व्यक्तीला साधारण १८० ते २०० मिलिसेकंद लागतात. संकेत आवाजाचा असेल तर हा काळ सुमारे १४० ते १६० मिलिसेकंदांवर येतो, कारण कानातली प्रक्रिया डोळ्याच्या पडद्यावरील रासायनिक प्रक्रियेपेक्षा लवकर पूर्ण होते. संकेताची तीव्रता वाढवली तर वेळ घटतो, पण एका किमान मर्यादेपर्यंतच. तीव्रतेच्या घातानुसार होणारी ही घट पिएराँचा नियम म्हणून ओळखली जाते.

२. सरासरी काढली की काम भागते. मग एवढ्या गणिताची गरज काय?

या विषयात सर्वाधिक गैरसमज सरासरीमुळेच होतात, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. एकाच व्यक्तीच्या पाचशे नोंदींचा आलेख काढला तर तो घंटेसारखा सममित कधीच दिसत नाही. डाव्या बाजूला तो एकदम चढतो आणि उजवीकडे त्याची लांब शेपटी पसरते. प्रतिसाद फार लवकर येण्याला शरीराची मर्यादा आहे, उशिरा येण्याला मात्र तशी मर्यादा नाही.

हा आकार वर्णन करण्यासाठी एक्स-गाउसियन वितरण पुष्कळ वापरले जाते. त्यात प्रसामान्य (घंटेसारख्या) भागाची सरासरी म्यू, त्याचे प्रमाण विचलन, म्हणजे पसरटपणा, सिग्मा आणि शेपटीची लांबी टाउ अशी तीन प्राचले, म्हणजे आकार ठरवणारे आकडे, असतात. एकूण सरासरी म्हणजे म्यू आणि टाउ यांची बेरीज. समजा, एका व्यक्तीचा म्यू ४०० आणि टाउ १०० मिलिसेकंद आहे, म्हणजे सरासरी ५००. झोप अपुरी झाल्यावर तिची सरासरी ५५० झाली. सरासरी पाहून आपण म्हणू की ती सर्वच वेळी ५० मिलिसेकंदांनी मंदावली. प्रत्यक्षात म्यू जागच्या जागी राहून टाउ १५० झालेला असू शकतो, म्हणजे बहुतेक प्रतिसाद पूर्वीसारखेच, फक्त अधूनमधून लक्ष उडून पडलेले मोठे खंड वाढलेले. या दोन अवस्थांचे अर्थ अगदी वेगळे आहेत, आणि सरासरी त्यांना एकच ठरवते.

एक सावधगिरी मात्र हवी. एक्स-गाउसियन हे आकाराचे वर्णन आहे, मनातल्या प्रक्रियेचे नव्हे. ‘टाउ म्हणजे अवधान’ असे थेट समीकरण मांडणारी विधाने तपासूनच घ्यावीत.

३. या अभ्यासाची सुरुवात कुठून झाली?

सुरुवात खगोलशास्त्रात झाली. १७९६ मध्ये ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांनी किनेब्रुक या साहाय्यकाला कामावरून काढले, कारण ताऱ्यांच्या संक्रमणाच्या (दुर्बिणीतील तार ओलांडण्याच्या क्षणाच्या) त्याच्या नोंदी मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने मागे पडत होत्या. पुढे बेसेल यांनी दाखवले की असा फरक निष्णात निरीक्षकांमध्येही पडतो आणि तो व्यक्तीगणिक बराचसा स्थिर असतो. किनेब्रुकचा दोष म्हणून जे नोंदले गेले, ते मानवी मज्जासंस्थेचे वैशिष्ट्य होते.

१८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून आवेग किती वेगाने जातो ते मोजले. तो सेकंदाला काही दशक मीटर एवढाच निघाला, आणि विचाराला वेळ लागतो ही कल्पना मोजमापाच्या कक्षेत आली. १८६८ मध्ये डोंडर्स यांनी वजाबाकीची पद्धत मांडली. साध्या प्रतिसादाचा वेळ निवडीच्या प्रतिसादातून वजा करा, उरेल तो निवडीला लागलेला वेळ. या पद्धतीतले गृहीतक असे, की नवा टप्पा मध्ये घातला तरी बाकीचे टप्पे बदलत नाहीत. ते नेहमी खरे ठरत नाही. म्हणूनच १९६९ मध्ये स्टर्नबर्ग यांनी टप्पा न काढता प्रत्येक टप्पा लांबवून पाहण्याची पद्धत सुचवली. दोन घटकांचे परिणाम निव्वळ बेरजेने जुळत असतील, तर ते बहुधा वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करतात.

४. पर्याय दुप्पट झाले तर वेळही दुप्पट लागतो का?

नाही. १९५२ मध्ये हिक आणि १९५३ मध्ये हायमन यांनी दाखवलेला नियम असा, की वेळ पर्यायांच्या संख्येच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढतो. समजा, एका पर्यायाला २०० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक दुपटीला १५० मिलिसेकंदांची भर पडते, तर दोन पर्यायांना ३५०, चारांना ५०० आणि आठांना ६५० मिलिसेकंद लागतील. हायमन यांची भर अशी, की पर्याय सारख्या वारंवारतेने येत नसतील तर त्यांची संख्या मोजून भागत नाही, त्यातली अनिश्चितता बिट्समध्ये (किती हो-नाही प्रश्नांनी ती मिटेल त्या मापात) मोजावी लागते. अपेक्षित संकेताला वेळ कमी आणि दुर्मीळ संकेताला जास्त लागतो.

५. मग या नियमाला अपवाद असतात का?

असतात, आणि ते नियमाइतकेच शिकवून जातात. १९५९ मध्ये लेनर्ड यांनी बोटाखालची कळच थरथरवली आणि त्याच बोटाने ती दाबायला सांगितली. तिथे पर्याय दोनाचे आठ केले तरी वेळ जवळजवळ वाढला नाही. संकेत आणि प्रतिसाद यांचे नाते इतके सरळ असेल की भाषांतराची गरजच उरत नाही, तर पर्यायांची संख्या गौण ठरते. दीर्घ सरावानेही चढ, म्हणजे प्रत्येक दुपटीमागची भर, कमी होत जातो. म्हणून हिकच्या नियमातला चढ हा मेंदूचा कायमचा स्थिरांक नव्हे. विशिष्ट माणसाने विशिष्ट जोडणी किती पक्की केली आहे याचे ते माप आहे.

६. ‘पुराव्याचा संचय’ म्हणजे काय? सोप्या शब्दांत सांगाल का?

पडद्यावर ठिपके हलत आहेत आणि ते डावीकडे जातात की उजवीकडे हे सांगायचे आहे, अशी कल्पना करा. क्षणोक्षणी मिळणारी माहिती अस्पष्ट असते. एखादा क्षण उजवीकडे झुकवतो, पुढचा डावीकडे. मेंदू हे कौल एकमेकांत मिळवत जातो आणि बेरीज एका किंवा दुसऱ्या सीमेला टेकली की प्रतिसाद देतो. हीच कल्पना १९७८ मध्ये रॅटक्लिफ यांनी विसरण (डिफ्यूजन) प्रारूपाच्या रूपाने मानसशास्त्रात रुजवली. तिची गणिती मुळे संख्याशास्त्रज्ञ वॉल्ड यांच्या क्रमिक चाचणीत, म्हणजे पुरावा पुरेसा होताच थांबणाऱ्या चाचणीत, आहेत.

प्रारूपाची चार मुख्य प्राचले आहेत. ड्रिफ्ट म्हणजे पुरावा साचण्याचा सरासरी वेग. संकेत स्पष्ट असेल किंवा व्यक्ती तरबेज असेल तर तो जास्त. सीमांमधले अंतर म्हणजे सावधपणा. प्रारंभबिंदू म्हणजे आधीच असलेला कल. चौथे प्राचल निर्णयाबाहेरच्या काळाचे, त्यात संकेत आत येणे आणि स्नायू हलणे यांचा वेळ मोडतो. शेपटी लांब का असते याचे उत्तरही इथे आपोआप मिळते: भटकत जाणारी बेरीज कधी कधी फार उशिरा सीमेला पोहोचते.

७. एकाची सरासरी ५५० आणि दुसऱ्याची ४३३ मिलिसेकंद आहे. दुसरा अधिक तल्लख नाही का?

केवळ वेळ पाहून असे म्हणता येत नाही. आकडे घालून पाहू. प्रारंभबिंदू बरोबर मध्यावर आणि गोंगाटाचे (क्षणोक्षणीच्या अस्पष्टतेचे) माप १ धरले, तर अचूकतेचे सूत्र असे येते:

अचूकता = १ ÷ (१ + इ^(−ड्रिफ्ट × सीमा-अंतर))

निर्णयाचा सरासरी काळ असा:

काळ = (सीमा-अंतर ÷ (२ × ड्रिफ्ट)) × (२ × अचूकता − १)

इथे ‘इ’ म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदमचा पाया. आता दोघांचाही ड्रिफ्ट २ आणि निर्णयाबाहेरचा काळ ०.३ सेकंद माना. पहिल्याचे सीमा-अंतर १.२ असेल तर त्याची अचूकता ९१.७ टक्के आणि निर्णयकाळ ०.२५० सेकंद, म्हणजे एकूण ५५० मिलिसेकंद. दुसऱ्याचे सीमा-अंतर ०.८ असेल तर अचूकता ८३.२ टक्के आणि निर्णयकाळ ०.१३३ सेकंद, म्हणजे एकूण ४३३ मिलिसेकंद.

दोघांची माहिती गोळा करण्याची क्षमता तंतोतंत सारखी आहे. दुसऱ्याने कमी पुराव्यावर निर्णय घ्यायचे ठरवले आणि त्याची किंमत चुकांच्या रूपाने मोजली, एवढाच काय तो फरक. म्हणून वेळ आणि अचूकता यांचा विचार एकत्रच झाला पाहिजे. वेळेचा आकडा चुकांच्या आकड्याशिवाय छापला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

८. वय वाढले की मेंदू मंद होतो, हे या प्रारूपांतून सिद्ध होत नाही का?

प्रतिक्रियाकाळ वाढतो हे खरे. परंतु रॅटक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक कामांमध्ये तपासले तेव्हा बऱ्याच ठिकाणी ज्येष्ठांचा ड्रिफ्ट तरुणांच्या जवळपास निघाला. वाढले होते ते सीमांमधले अंतर आणि निर्णयाबाहेरचा काळ. ज्येष्ठ व्यक्ती चूक टाळण्यासाठी अधिक थांबतात आणि त्यांची हालचालही थोडी उशिरा होते. सर्वच कामांत असे घडते असे नाही. काही स्मृतिकार्यांत ड्रिफ्टही घटलेला दिसतो. तरीही ‘मंद’ हा एक शब्द तीन वेगळ्या गोष्टींवर चिकटवणे अन्यायाचे आहे.

९. चुकीची उत्तरे बरोबर उत्तरांपेक्षा लवकर येतात की उशिरा?

दोन्ही घडते, आणि साधे विसरण प्रारूप नेमके इथे अपुरे पडते. प्रश्न ७ मधल्या रचनेत, म्हणजे प्रारंभबिंदू मध्यावर आणि सर्व प्राचले स्थिर असताना, बरोबर आणि चुकीच्या उत्तरांचे वितरण एकसारखेच येते. प्रत्यक्षात सोप्या आणि घाईच्या कामात चुका लवकर होतात, तर अवघड आणि अचूकतेवर भर असलेल्या कामात उशिरा. प्रत्येक फेरीत प्रारंभबिंदू थोडा हलतो असे मानले की लवकरच्या चुका समजतात, कारण बेरीज चुकीच्या सीमेजवळूनच निघालेली असते. ड्रिफ्ट फेरीगणिक बदलतो असे मानले की उशिराच्या चुका समजतात, कारण ज्या फेऱ्यांत ड्रिफ्ट कमी असतो त्या सावकाशही असतात आणि चुकाही त्यांच्यातच जास्त पडतात.

१०. विसरण, ‘लेटर’, रेषीय बॅलिस्टिक संचायक: यांपैकी कोणते प्रारूप निवडावे?

काम पाहून निवडावे. पर्याय दोन असतील आणि चुकांचे प्रमाण अगदी नगण्य नसेल तर विसरण प्रारूप. पर्याय अनेक असतील तर २००८ मध्ये ब्राउन आणि हीथकोट यांनी मांडलेले रेषीय बॅलिस्टिक संचायक प्रारूप सोयीचे पडते. त्यात प्रत्येक पर्यायाचा स्वतंत्र संचायक सरळ रेषेत चढतो, आणि चढण्याचा वेग व प्रारंभ फक्त फेरीगणिक बदलतो.

नजर एका बिंदूवरून दुसऱ्यावर झेप घेते तेव्हाच्या काळासाठी कारपेंटर यांचे ‘लेटर’ प्रारूप सुंदर आहे. त्याचे म्हणणे असे, की काळ प्रसामान्य नसतो, पण एक भागिले काळ प्रसामान्य असतो. योग्य मोजपट्टीवर आलेख काढला की शेपटीवाले वितरण सरळ रेषेत उतरते. ही रेषा प्रथमच उतरताना पाहण्याचा आनंद विसरता येत नाही.

११. दिवा आणि आवाज एकत्र आले तर प्रतिसाद लवकर येतो. म्हणजे मेंदू दोन्ही संकेत मिसळतो का?

लगेच तसे म्हणू नये. दोन धावपटूंपैकी जो आधी पोहोचेल त्याची वेळ धरायची असेल, तर ती सरासरीने एकट्या धावपटूपेक्षा कमीच येणार. राब यांनी १९६२ मध्ये हीच गोष्ट लक्षात आणून दिली. खरी कसोटी १९८२ मध्ये मिलर यांनी दिली: कोणत्याही क्षणापर्यंत एकत्रित संकेताला प्रतिसाद येऊन गेल्याची शक्यता, दोन सुट्या संकेतांच्या तशाच शक्यतांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही, मात्र ही मर्यादा केवळ शर्यत चालू असेल तरच.

उदाहरणार्थ, २५० मिलिसेकंदांपर्यंत दिव्याला ०.२० आणि आवाजाला ०.३५ शक्यतेने प्रतिसाद येत असेल, तर एकत्रितपणे ०.५५ ही कमाल मर्यादा. मोजणीत ०.६२ आले तर शर्यतीने भागत नाही, संकेत कुठेतरी एकत्र येतात असे मानावे लागते. ही कसोटी वितरणाच्या लवकरच्या भागातच उपयोगी पडते, कारण पुढे बेरीज १ च्या वर जाते आणि मर्यादा अर्थहीन होते. त्यातच अंदाजाने दिलेले अतिलवकर प्रतिसाद मिसळले असतील तर निष्कर्ष भरकटतो (पहा प्रश्न १४).

१२. दोन संकेत पाठोपाठ आले तर दुसऱ्याला उशीर का होतो?

टेलफर्ड यांनी १९३१ मध्ये नोंदलेला हा परिणाम मानसिक विराम-काळ या नावाने ओळखला जातो. त्याचे प्रचलित स्पष्टीकरण अडथळ्याचे आहे: प्रतिसाद निवडण्याचा मधला टप्पा एका वेळी एकच काम करतो. संकेतांमधले अंतर १०० मिलिसेकंदांनी घटवले की दुसरा प्रतिसाद जवळजवळ तेवढाच लांबतो. यातला एक पुरावा मला फार पटतो. दुसरा संकेत अंधूक केला आणि त्याला एरवी ४० मिलिसेकंद जास्त लागत असले, तर अंतर अगदी कमी असताना ही वाढ जवळपास नाहीशी होते. संकेत ओळखण्याचे जादा काम रांगेत थांबण्याच्या वेळातच उरकले जाते. निवड अवघड केली तर मात्र वाढ तशीच राहते, कारण निवड अडथळा मोकळा झाल्यावरच सुरू होते.

१३. सुरू केलेला प्रतिसाद रोखायला किती वेळ लागतो? जो प्रतिसाद आलाच नाही, त्याचा वेळ मोजायचा कसा?

थेट मोजता येत नाही; तो प्रारूपातूनच काढावा लागतो. लोगन आणि कोवन यांनी १९८४ मध्ये ‘करा’ आणि ‘थांबा’ या दोन प्रक्रियांची शर्यत मांडली. थांबण्याचा संकेत मूळ संकेतानंतर २५० मिलिसेकंदांनी दिला आणि निम्म्या वेळा व्यक्तीला थांबता आले नाही असे समजा. याचा अर्थ, ‘थांबा’ प्रक्रिया सरासरीने त्या क्षणी संपते, ज्या क्षणापर्यंत नेहमीचे निम्मे प्रतिसाद येऊन जातात. नेहमीचा मध्यक ४८० असेल तर थांबण्याचा काळ ४८० वजा २५०, म्हणजे २३० मिलिसेकंद. तरुणांमध्ये तो साधारण २०० ते २५० च्या दरम्यान येतो.

अडचण तिथे येते, जिथे सहभागी व्यक्ती थांबण्याच्या संकेताची वाट पाहत मुद्दाम सावकाश खेळते, किंवा तिचे त्या संकेताकडे लक्षच जात नाही. अशा वेळी निघालेला आकडा थांबण्याच्या शक्तीचा राहत नाही.

१४. शर्यतीत १०० मिलिसेकंदांच्या आत सुटलेला धावपटू बाद का ठरतो? तो खरोखरच चपळ असला तर?

नियमामागचा विचार असा, की आवाज ऐकून त्यावर हालचाल करायला एवढा तरी वेळ लागतोच. त्याआधी सुटलेला धावपटू ऐकून नव्हे, अंदाजाने सुटला. २०२२ मध्ये युजीन येथील जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत डेव्हन ॲलन ०.०९९ सेकंदाच्या नोंदीमुळे बाद झाले. गणिताच्या दृष्टीने पाहता प्रतिक्रियाकाळाचे वितरण अखंड असते आणि त्यात ९९ व १०० यांच्यामध्ये कोणतीही भिंत नसते. कोणतीही सीमा ठेवली तरी काही खरे प्रतिसाद बाहेर पडणार आणि काही अंदाज आत येणार. शिवाय नोंदवलेला आकडा धावपटूच्या पायाखालच्या ठोकळ्यावरच्या दाबाच्या कोणत्या बदलाला सुरुवात मानायचे यावरही अवलंबून असतो.

प्रयोगशाळेत अंदाज रोखण्यासाठी प्रतीक्षेचा काळ बदलता ठेवतात. पण तो १ ते ३ सेकंदांत समान शक्यतेने विखुरला तरी पुरत नाही: २.९ सेकंद उलटले की संकेत आता येणारच हे निश्चित होते आणि तयारी वाढते. प्रतीक्षा घातांकी वितरणातून निवडली तर गेलेल्या वेळेवरून पुढचे काहीच कळत नाही.

१५. ठोक्याबरोबर टिचकी मारताना ती ठोक्याच्या आधीच का पडते?

कारण तो प्रतिसाद नसतोच. प्रत्येक ठोका ऐकून टिचकी मारली असती तर ती १५० मिलिसेकंद उशिरा पडली असती. प्रत्यक्षात ती बहुधा काही दशक मिलिसेकंद आधी पडते, आणि संगीताचा सराव असलेल्यांमध्ये हा फरक कमी असतो. इथे संचयाची प्रारूपे लागू पडत नाहीत. विंग आणि क्रिस्टॉफर्सन यांचे १९७३ चे प्रारूप दोन भाग मानते, मनातले घड्याळ आणि हाताचा विलंब. एखादी टिचकी उशिरा पडली की आधीचे अंतर वाढते आणि पुढचे तेवढेच घटते, म्हणून लगतच्या अंतरांमध्ये ऋण सहसंबंध येतो, शून्य ते उणे ०.५ यांच्या दरम्यान. अंतरांचे विचरण (विखुरलेपणाचे माप) ४०० आणि लगतचे सहविचरण (दोन अंतरे एकत्र किती बदलतात त्याचे माप) उणे १०० निघाले, तर हाताचे विचरण १०० आणि घड्याळाचे ४०० वजा दोनदा १००, म्हणजे २००. टिचक्यांच्या साध्या यादीतून न दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या होतात.

१६. घरच्या संगणकावर मोजलेले आकडे विश्वासार्ह असतात का?

व्यक्तीच्या दोन परिस्थितींमधला फरक पाहण्यासाठी बरेचदा असतात, निरपेक्ष आकड्यासाठी नाहीत. साठ हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनीच बदलतो, आणि कीबोर्डही आपल्या ठरावीक अंतराने कळ तपासतो. मी एकदा एका नोंदसंचाचा आलेख काढला तेव्हा तो गुळगुळीत येण्याऐवजी समान अंतरावरच्या कंगव्यासारखा आला. त्या व्यक्तीच्या मेंदूत तसे काही नव्हते. उपकरण वेळेचे तुकडे पाडत होते. विलंब स्थिर असेल तर तो निर्णयाबाहेरच्या काळात मिसळून जातो. तो बदलता असेल तर विचरण फुगवतो, आणि ते जास्त त्रासदायक.

१७. किती नोंदी घ्याव्यात, आणि टोकाच्या नोंदी काढून टाकाव्यात का?

संपूर्ण विसरण प्रारूप जुळवायचे तर प्रत्येक परिस्थितीत शंभरांच्या घरात नोंदी असाव्यात आणि त्यांत काही चुकाही असाव्यात. एवढ्या शक्य नसतील तर वॅगनमेकर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली ‘ईझी’ पद्धत अचूकता, बरोबर उत्तरांची सरासरी आणि विचरण या तीन आकड्यांवरून ड्रिफ्ट, सीमा-अंतर आणि निर्णयाबाहेरचा काळ काढून देते. मात्र प्रारंभबिंदूचा कल नाही असे तिचे गृहीतक आहे. टोकाच्या नोंदी काढायच्या असतील तर मर्यादा आकडे पाहण्याआधी ठरवा. सरासरीपासून ठरावीक प्रमाण विचलनांपलीकडच्या नोंदी कापण्याची सवय शेपटीच छाटते, आणि शेपटीतच किती माहिती असते ते प्रश्न २ मध्ये आले आहे.

१८. मेंदूत खरोखरच असा संचय होतो का, की हे फक्त सोयीचे गणित आहे?

रॉइटमन आणि शॅडलेन यांनी २००२ मध्ये ठिपक्यांची दिशा ठरवणाऱ्या माकडांच्या मेंदूच्या पार्श्विक भागातील चेतापेशींची स्पंदने नोंदली. पुरावा प्रबळ असेल तसा त्यांच्या स्पंदनांचा दर वेगाने चढत होता, आणि नजर हलण्याच्या थोडे आधी तो निर्णय जलद असो वा सावकाश, जवळपास त्याच पातळीला पोहोचत होता. प्रश्न ६ मधली सीमा जणू डोळ्यांसमोर दिसावी, असे ते चित्र होते. त्यानंतर २०१६ मध्ये काट्झ आणि सहकाऱ्यांनी त्याच भागाचे काम तात्पुरते थांबवले, तरी माकडांच्या निर्णयांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे तो भाग संचय दाखवतो, पण निर्णय त्याच्यावर अवलंबून असतोच असे नाही. प्रारूप वर्तनाचे वितरण अचूक सांगते; ते काम मेंदूत नेमके कुठे आणि किती ठिकाणी वाटलेले आहे, यावर संशोधन चालू आहे.